उरलेला दाब

सकाळी ती पहिल्या सेल्फला उठते.
खोटं कशाला बोलू, माझ्याही आधी.
सत्त्याहत्तरची पोर्शे, रंग जुन्या हळकुंडाचा,
इंजिन पाठीमागे
आणि मालक त्याहून मागच्या काळातला.

दुपारी एकदा बंद केली की संपलं.
स्टार्टर कण्हतो, पेट्रोलचा वास सुटतो,
इंजिन ऐकून न ऐकल्यासारखं करतं.
तासाभरानं, सावलीत, आपणहून रुसवा सोडतं.

खल्फान म्हणाला, आधी रुवीत दाखवली.
त्यांनी प्लग बदलले, रिले बदलला, पंप बदलला,
साही इंजेक्टर धुऊन काढले
आणि शेवटी हवेला दोष दिला.
हवा तर आहेच. वादी कबीर, जूनची दुपार,
तिन्ही बाजूंनी काळे डोंगर तव्यासारखे,
उन्हात राहिलेला पाना फडक्याशिवाय उचलवत नाही.
पण ऊन काय आज आलं?
गाडी नवी असल्यापासून इथंच आहे.

दादकरीमला म्हटलं, गेज आण.
चालू इंजिनावर आकडे पुस्तकातल्यासारखे:
थंड असताना दीड बार, तापल्यावर साडेतीन.
चालू असताना कुणाचं काय बिघडतं?
बघायचं ते बंद केल्यावर.

किल्ली फिरवली. घड्याळ लावलं.
ही यंत्रणाच अशी, की पंप थांबला तरी
नळ्यांत थोडा दाब मागे उरायला हवा.
नाही उरला, तर तापल्या इंजिनाशेजारी
पेट्रोलला उकळी फुटते, नळीत वाफ धरते,
आणि वाफेवर चालायला ही काय आगगाडी आहे?
काटा तीनवर होता. मग दोन.
दादकरीमची जांभई पुरी होईतो शून्य.

पंप नवा. म्हणजे राहिला ॲक्युम्युलेटर.
आम्ही त्याला नुसतं डबा म्हणतो.
आत एक स्प्रिंग, एक पडदा,
काम एवढंच: धरून ठेवणं.
पाठची बारीक नळी सोडवली. ती कोरडी पाहिजे.
बोट लावलं. ओलं.

"सापडलं," मी म्हटलं.
खल्फान स्टुलावरून उठलासुद्धा नाही.

मग सांगत बसला.
बरक्याला थोरला भाऊ, हमदान.
खजुराची बाग, फलजच्या पाण्याची पाळी,
नऊ वर्षं कोर्टात.
आईनं घातलेली रीत, म्हणून शुक्रवारी जायचं,
सलाम करायचा, पाच मिनिटांत निघायचं.
आणि गाडी निघत नाही.
"मग परत आत. तो बोलत नाही, मीही नाही.
काहवा ओततो. थाळी माझ्याकडे सरकवतो,
खजूर त्याच झाडांचे, ज्यांच्यावर दावा आहे.
तासभर आम्ही दोघं इंजिन गार व्हायची वाट बघतो.
मागच्या खेपेला उठला,
पुढच्या झाकणावर ओलं पोतं टाकून आला.
इंजिन मागे असतं, हे मी त्याला सांगितलं नाही."

मी गुहागरचा.
एका फणसापायी किती वर्षं जातात
हे मला कुणी अरबीत समजवायला नको.
पण गेज अजून हातात होता,
आणि गाडी दुरुस्तीला आली होती.

डबा अकरा दिवसांनी आला, बसवला.
दहा मिनिटं: काटा अडीचवर.
वीस मिनिटं: अडीचच्या केसभर खाली.
शटर अर्धं ओढून दादकरीम ताटकळलेला,
तरी मी आणखी दहा मिनिटं काट्याकडे बघत राहिलो.
काही कारण नव्हतं.
किल्ली मारली. एका झटक्यात.

खल्फाननं नोटा दोनदा मोजल्या,
शाबास म्हणाला, तेही जरा उशिरानं.

शुक्रवारी दुपारी फोन. बरक्याहून.
मागे कपांचा किणकिणाट,
कुणीतरी म्हातारं खोकत होतं.
"उस्ताद, गाडी सुरू होत नाही."
माझ्या पोटात गोळा. नवा डबा, नवं वॉशर,
नळीचा नट मीच आवळलेला.
विचारलं, सेल्फ मारला तेव्हा आवाज कसा आला?

थोडा वेळ नुसता खजुराची बी थाळीत पडल्याचा आवाज.
"सेल्फ," तो हळूच म्हणाला,
"अजून मारला नाही."