मधलं पाणी

बाहेर पंचेचाळीस. एमआयडीसीच्या डांबराला चपला चिकटतात.
आत चेंबरमध्ये उणे चाळीस,
आणि मी दोन्हींच्या मध्ये, स्वेटर कमरेला बांधून
केळ्याच्या चकत्यांचे ट्रे मोजतेय.

कोकिळा भारंबे फैजपूरहून आल्या त्या दुपारी.
मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात केळीचं पान,
पानात हार: गुलाब, निशिगंध, मधे मधे जरीचे गोंडे.
शहाद्याहून रात्रीच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती आलेला.
"पोरीच्या लग्नाचा. कोर्टातल्या."
मग पंख्याकडे बघत, "मी नाई गेली."

इथं केळी वाळतात, कांदा वाळतो,
हार नाही, असं साहेब म्हणाले असते.
पण साहेब जेवायला गेले होते
आणि खालच्या ट्रेला जागा होती.

मी त्यांना सांगितलं:
आधी फूल दगडासारखं गोठतं.
मग पंप सगळी हवा ओढून घेतो
आणि बर्फ निघून जातो, वाफ होऊन, परभारे.
मधे पाणी होतच नाही.
म्हणून पाकळी सुरकुतत नाही.
"माह्यासारखं," त्या म्हणाल्या,
आणि पदरानं कोरडाच चेहरा पुसला.

चार दिवस पंपाची घरघर. दोनदा लाईट गेली.
पाचव्या दिवशी ट्रे ओढला.
गुलाब होते तसे, जरा गडदच.
निशिगंध कागदी, कडांना चहाचे डाग.
एका फुलात मुंगी, तीही जशीच्या तशी, पाय उचललेली.
हार उचलला तर हातात काही नव्हतं,
दोऱ्याचं काय ते वजन.

त्यांनी नाकाशी नेला. थांबल्या.
"वास कुठी गेला?"

मला काय सुचलं, मी कंडेन्सरचं दार उघडलं.
नळ्यांना चिकटलेला चार दिवसांचा बर्फ, पांढरा, खरबरीत.
दार तसंच ठेवलं.
बाकीचं जळगावच्या मे महिन्यानं केलं.
थेंब थेंब बादलीत.
आधी केळ्याचा वास, भरपूर केळ्याचा,
आणि त्याच्या खाली, पार तळाशी,
बंद खोलीत कुणी नुकतंच येऊन गेल्यासारखा
गुलाब.

त्यांनी बोट बुडवलं. मग दुसरं. मग ओंजळ.
पाणी कोपरापर्यंत ओघळलं.
मी मोजलेलेच ट्रे परत मोजू लागले.

हार डब्यात गेला. ओल लागू द्यायची नाही, मी बजावलं.
बादलीतलं पाणी रिकाम्या बाटलीत.
गेटवर वॉचमननं विचारलं, काय नेताय?
"पानी," त्या म्हणाल्या,
आणि त्यालाच विचारलं,
शहाद्याची गाडी इथूनच भेटते
का स्टँडवर जा लागते?