झुकतं माप

बोट्सफ्योर्डच्या धक्क्यावर मी एकतीस वर्षं कॉड तोलला.
होडी लागली की क्रेट वर यायचे, बर्फासकट.
मी बर्फ वजा करायचो, पाणी वजा करायचो,
क्रेटचं स्वतःचं वजन वजा करायचो.
मापात पाप नाही.
हेर्लाऊगला विचारा. सोळा वर्षं तो माझ्याशी बोलत नाही,
एका दीड किलोवरून.

स्वतः मात्र त्या काट्यावर चढलो नाही.
म्हणजे एकदा चढलो, नाताळच्या आदल्या दिवशी,
थोडी झाली होती, पोरं टाळ्या पिटत होती.
एकशे अठरा.
म्हटलं, यातून बूट वजा करा,
रबरी डगला वजा करा,
आईच्या हातचं जेवण वजा करा.
सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

काळजाचा ठोका चुकतो हे ऐकून होतो,
प्रेमात चुकतो, भीतीनं चुकतो.
माझा चुकला तेव्हा मी बटाटा सोलत होतो.
जानेवारी. बाहेर दुपारी दोनचा काळोख.
आधी वाटलं, खालून कुणीतरी जिना चढतंय,
दोन पायऱ्या, थांबलं, मग तीन, मग अर्धी,
मग परत खाली.
मग आठवलं, आमच्या घराला जिना नाही.

क्रेटमध्ये टाकलेला मासा शेवटी शेपटी आपटतो ना,
ताल धरून नाही,
मधेच काही आठवल्यासारखी,
तसं छातीत.
गुन्वोरला हाक मारली नाही.
बटाटे सगळे सोलले. उकडलेसुद्धा.

किर्केनेसला नेलं. छोट्या विमानात पट्टा पुरला नाही,
जोडपट्टा मागवला.
डॉक्टरीण तर्शिनी, तिचा बाप जाफन्याहून आलेला,
आमच्याच कारखान्यात मासे कापायचा;
त्याच्या सुरीची धार मला अजून आठवते.
तिनं छातीला वायरी चिकटवल्या.
कागदावर शिखरं उमटत गेली,
कुठल्याच दोन शिखरांमधलं अंतर सारखं नाही.
मी किनाऱ्यावरचा माणूस, मला तो नकाशाच वाटला,
आपल्याच गावाचा, कुणी नीट न काढलेला.

तिनं विचारलं, विसाव्या वर्षी वजन किती होतं?
अडुसष्ट.
सैन्याच्या तपासणीतला कारकून म्हणाला होता,
वारा सुटला तर याला धरून ठेवा रे.

ती सांगत होती, हृदयाच्या वरच्या खोल्या ताणत जातात,
एका रात्रीत नाही, वर्षावर वर्ष चढतं तशा.
भोवती चरबी साचते, आतली वीज वाट चुकते.
बायकांनाही होतं, पुरुषांना जरा जास्त.
सगळा दोष वजनाचाच असं नाही, म्हणाली,
पण तुमच्या हातात असलेलं हेच.

पन्नास किलो. म्हणजे दोन भरलेले क्रेट.
कुठल्या होडीच्या नावावर लिहू?

ऐलर्ट बुडाला त्या हिवाळ्यापासून
आई माझ्या ताटात त्याचंही वाढायची.
बोलायची नाही काही. पळी दुसऱ्यांदा भांड्यात जायची
आणि माझ्याकडे वळायची.
मी नको म्हटलं नाही.
नको म्हणायला लागतं तेवढं वजन
तेव्हा माझ्यात नव्हतं.
आई गेली, मग मी स्वतःच वाढून घेत राहिलो,
दोघांचं.

आता रक्त पातळ ठेवायची गोळी, सकाळ-संध्याकाळ.
दाढी करताना कापलं तर बराच वेळ थांबत नाही.
दीपगृहापर्यंत चालतो, वारा समोरून असला तरी.
रात्री गुन्वोर छातीला कान लावते,
विचारते, आज कोण चढतंय?
कधी म्हणतो, कोणी नाही.
कधी म्हणतो, ऐलर्ट.
ती दिवा मालवत नाही मग.

शुक्रवारी होड्या रिकाम्या झाल्या की धक्क्यावर जातो,
काट्यावर उभा राहतो. नवा पोरगा आकडा वाचतो.
परवा वाचला, एकशे नऊ.
बूट वजा करू का, आजोबा?
म्हटलं, राहू देत बूट.

दोरखंडांच्या ढिगावर हेर्लाऊग पाइप ओढत बसला होता.
समुद्राकडे बघतच म्हणाला,
दीड किलो कमी धर.