दोन तऱ्हेची पानं

आपोलोनियाबाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली,
गाठ न सोडता.
"मेलं हे. तुम्ही दिलेलं. नऊ दिवसांत."

पिशवीत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी.
मी गाठ सोडली, हुंगलं. कुजकट,
पण तळाशी अजून कापराचा एक बारीक धागा.
आंबुली मरते तेव्हा आधी तिचा वास जातो.
हिचा गेला नव्हता.

म्हापशात, मासळी बाजाराच्या मागल्या गल्लीत
माझं दुकान: अकरा टाक्या, दोन पंप,
त्यातला एक खोकतो.
झाडं मी करमळीच्या तळ्यावरून आणतो,
पाणी मागे सरकतं त्या दिवसांत,
जिथे चिखल भेगाळायच्या बेतात असतो.
तिथे आंबुली उभी असते, चक्क उभी,
दातेरी पानं, जांभळट फुलं,
बांधावरच्या कुठल्याही तणासारखी.
तीच मी तुमच्या काचेच्या पेटीत बुडवली, बाई.
उन्हासाठी शिवलेले कपडे तिच्या अंगावर,
आणि गळ्यापर्यंत पाणी.

ही पानं जाणारच.
खाली तिला दुसरी लागतात,
केसांसारखी चिरलेली, पातळ,
कारण तिथे तहान नसते, वारा नसतो,
उजेड मात्र उसना,
आणि श्वास पाण्यातून गाळून घ्यायचा.
मध्ये काही दिवस असे येतात
की जुनी पानं नसतात आणि नवीही नसतात.
नुसता देठ.
बहुतेक लोक तिला
त्याच दिवसांत फेकून देतात.

"किती दिवस?"
"तीन आठवडे. हात लावायचा नाही."
बाई टाकीकडे बघत राहिल्या.
"मला अडीच वर्षं लागली," म्हणाल्या,
"कुवेतला. मग सतरा राहिले."

मी सुटे पैसे मोजत होतो.
बहारीनला मी चार महिने टिकलो
हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
खोलीत सहा खाटा, एसीखाली बादली,
तिच्यात रात्रभर पडणारं पाणी
मी ऐकायचो, वाया जाऊ नये म्हणून
सकाळी खिडकीतल्या पुदिन्याला घालायचो.
पुदिना जगला. मी परत आलो.

दिवाडीच्या मानशीवर आनाक्लेत होता,
भरतीला फळ्या लावायचा, ओहोटीला काढायचा.
एकदा मला तिवराचं पान देऊन म्हणाला,
जीभ लाव.
खारट.
"हे मीठ पितं आणि पाठीवाटे थुंकतं.
बांधाच्या आत कोरगुट भात आहे,
तो मीठ थोडं सोसतो, फार नाही.
आणि तुझी ती तळ्यातली पोरगी,
तिला एक भरती पुरे."
मी विचारलं, मग तिवर गोड्या पाण्यात जगेल?
त्याने दोरीची गाठ आवळली.
"जगेल की. पण तिथे
त्याला कोण जागा देतंय?"

चोविसाव्या दिवशी फोन आला.
"एक बोटभर आलंय. शेपूसारखं."
"तेच."
"हे तसं दिसत नाही. हे तेच झाड का?"

पंप खोकला. मी उत्तर जुळवत होतो.
देठ तोच, म्हणालो. मूळ तेच.
उद्या पाण्याबाहेर डोकं काढलं
तर पुन्हा ती दातेरी पानं येतील,
खाली ही, वर ती, एकाच देठावर,
मधल्या दोन बोटांत
धड ही नाहीत, धड ती नाहीत अशी.

"आणि वास?"
"हात घाला. एक पान चुरडून बघा."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज.
बांगडी काचेला लागली.
मग बराच वेळ नुसतं पाणी,
आणि मी, दुकानाचं शटर अर्धं ओढून,
कान लावून उभा.