अठ्ठेचाळीस तास

ट्रॉलर सुटायच्या आदल्या रात्री
एलादियो आचारी विगोच्या धक्क्यावरच्या बारमध्ये बसतो.
एक कॉफी, तीही मुद्दाम थंड होऊ दिलेली,
कारण कॉफी संपली की वाय-फायवरचा हक्क संपला
अशी त्याची समजूत आहे,
आणि बारवालीचीही.

टॅब्लेटला पीठ लागलेलं, कोपरा तडकलेला.
कार्डाचा नंबर त्याच्या मुलीनं, उशियानं, भरून ठेवलाय.
"बाबा, पैसे द्यायला नुसता अंगठा टेकवायचा."
पण अंगठा भाजका, तीस वर्षं गरम तव्यांत वावरलेला,
यंत्र त्याला ओळखत नाही.
तो करंगळी पुढे करतो.

साडेतीन महिने दर्यावर पुरेल इतकं हवं.
पीठ, कांदे, खारवलेलं मांस यांची यादी पाठ असते.
ही नसते.
या दुकानाला दार नाही, फळी नाही, गल्ल्यावर माणूस नाही,
वर वर सरकत जाणारी चित्रं नुसती,
आणि जे ते म्हणतंय: मी तुम्हाला आवडेन.
"ह्यांना काय ठाऊक मला काय आवडतं,
मागे एकदा नातवाला पाणघोड्याची गोष्ट लावून दिली,
तेव्हापासून पाणघोडेच दाखवतायत मेले."

शेवटी आठ सिनेमे घेतले. सात विकत,
एक भाड्यानं, तो विकत मिळतच नव्हता.
तीन युरो नव्व्याण्णव.
खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं.
बारीक अक्षरं आमच्यात कोणी वाचत नाही,
जहाजाच्या करारावरही आम्ही सह्या तशाच केल्यात.

भाड्याचा राखून ठेवला, सणाच्या पक्वान्नासारखा.
माल्विनासच्या खाली, सव्विसाव्या रात्री,
भांडी सारली, टॅब्लेट तेलाच्या डब्याला टेकवला,
खाली ओलं फडकं, लाटेनं घसरू नये म्हणून.

एक बाई. नवरा गेलेला. त्याची शिवणयंत्रं
खेचरावर लादून डोंगरातल्या गावांत विकत फिरते.
शेवटचं एक उरलंय. संध्याकाळ.
ती एका दारावर थाप मारते.
आतून पावलं ऐकू येतात.
आणि आमची घंटा वाजली.

जाळं भरून आलं होतं.
माकूळ, माकूळ, नुसतं माकूळ,
गमबुटात, बाहीत, पापणीवर काळी शाई.
पाळी संपायची, झोप लागायच्या आत पुढची घंटा.
दोन दिवस, दोन रात्री, वर थोडे तास,
ते कुणी मोजले?

टॅब्लेटनं मोजले.
"कालावधी संपला. कृपया इंटरनेटशी जोडा."
चहूकडे पाणी. कुठे जोडू?
कप्तानाच्या उपग्रहातून हवामान यायचं
आणि मालकाच्या शिव्या.
हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच,
आणि त्याचे पैसेही आधीच दिलेले.

शुर्शो मेकॅनिक म्हणाला, दार नवऱ्यानंच उघडलं,
मेलाच नव्हता तो, दुसरं घर होतं त्याचं.
"तुझ्यासारखं," कोणीतरी म्हणालं, आणि ताट उडालं.
तेगालचा वाह्यूदी म्हणाला, दार उघडतच नाही.
ती मशीन उंबऱ्यावर ठेवून निघून जाते,
आणि मग मशीनवर एक कोंबडी येऊन बसते.
"कोंबडी कुठून आली?"
"गाव आहे. कोंबडी असतेच."
पेरूचा एदिल्बेर्तो काही बोलला नाही,
फाटलेला हातमोजा शिवत बसला.
हे भांडण परतीच्या विषुववृत्तापर्यंत पुरलं.

विकत घेतलेले सात दोनदोनदा पाहिले.
एकात पूल उडवतात.
बाकी आठवत नाही.

विगोला दोर टाकले तसे सगळ्यांचे फोन एकदम बोलू लागले.
एलादियोच्या टॅब्लेटवर दोन ओळी होत्या:
पुन्हा पाहा, तीन युरो नव्व्याण्णव.
आणि: चित्रपट कसा वाटला? तारे द्या.

पहिल्या ओळीवर करंगळी थोडा वेळ रेंगाळली.
मग खाली उतरली
आणि एकेक करत चार तारे दिले.
पाचवा वाह्यूदीला विचारून देतो, म्हणाला,
कोंबडी त्याची आहे.