नोव्हेंबरातला वास

मागच्या ऑगस्टात मळणीयंत्रातून मासळीचा वास आला.
समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर;
वाल्डव्हिएर्टलच्या या ग्रॅनाइटी माळावर
फार तर तळ्यातले कार्प,
तेही नोव्हेंबरात, तळी उपसतात तेव्हा.
नोटबुर्गाने डिंकेल गव्हाचा एक दाणा नखाने फोडला.
आत पीठ नव्हतं.
काजळ होतं.

काणी, ती म्हणाली. एवढंच.
गिरणीवाल्याने ट्रॉली दारातूनच परत पाठवली,
नाकाला रुमालही न लावता, अगदी सभ्यपणे.

वडिलांच्या काळी बियाणं गुलाबी असायचं.
पोत्यावर कवटी, पोतं कुलपात,
आणि पेरणीनंतर बांधावर तितर
तंगड्या वर करून.
काणी नव्हती तेव्हा.
हेही ती सांगते. वडिलांबद्दल खोटं बोलत नाही.

शेजाऱ्याचं बियाणं आणलं. प्रयोगशाळेची चिठ्ठी आली:
दाण्यामागे एकशे चाळीस बीजाणू,
उपचार करूनच पेरावे.
मग कोठाराची फरशी ज्यात कालवली होती
त्याच काँक्रीट मिक्सरमध्ये
पिवळ्या मोहरीचं पीठ, पाणी आणि गहू
गरगर फिरले सकाळभर.
भाचा एगिड म्हणाला, सॉसेजच्या गाडीचा वास येतोय.
त्याचे डोळे वाहत होते.
आजोबांना पुरलं तेव्हा कोरडे होते.

दुसरी बाटली फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी:
मुळांवर राहणारे जिवाणू, मुदतीआधी वापरा.
ते मारत नाहीत फारसं कुणाला.
फक्त कोंब फुटताना
काणीच्या आधी जागा धरून बसतात,
एसटीत रुमाल टाकावा तसे.

(एसटी तिला ठाऊक नाही. उपमा माझी.)

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात;
इथे एका शितावर कोण विश्वास ठेवतो?
केकच्या तीन ट्रेंत ओली वाळू,
प्रत्येकीत शंभर दाणे, दहा ओळी,
खिडकीच्या थंड कट्ट्यावर.
दहाव्या दिवशी चष्मा पुसून मोजले:
काहीच न लावलेले चौऱ्याण्णव,
बाटलीतले त्र्याण्णव,
मोहरीतले अठ्ठ्याऐंशी.
तिने पुन्हा मोजले. अठ्ठ्याऐंशीच.

न उगवलेले बारा तिने वाळूतून उकरले
आणि एकेक फोडला, त्याच नखाने.
पांढरं. पांढरं. पांढरं.
आजारी नव्हते. नव्हतं उगवायचं त्यांना.

एगिडला म्हणाली,
पाभर थोडी सैल सोड, बी जास्त पडू दे.

आता रान हिरवं आहे, बोटभर.
यातून काही कळत नाही.
काणी आत शिरली असेल तर शिरून बसली,
ओंबीपर्यंत तोंड उघडणार नाही.

काल संध्याकाळी अंगणात
तिला मासळीचा वास आला.
हातातली बादली तशीच टाकून ती बांधापर्यंत धावली,
वाकली, कोवळी पात चुरगाळून हुंगली.

रस्त्यावरून कार्पचा ट्रक चालला होता, पाणी सांडत.

तिने हात करून थांबवला.
नाताळाला अजून पाच आठवडे होते,
तरी एक घेतला. मोठा.