पाठीवरची चेन

पुठ्ठ्याचा खोका, त्यावर कस्टमची हिरवी पट्टी,
एक कोपरा कुणीतरी कापून पुन्हा चिकटवलेला.
ऐरोलीच्या पोस्टात घरत विचारतो,
“मुकुंदशेठ, जपानहून दर महिन्याला येतं काय? औषध?”
मी म्हणतो, तसंच काहीतरी,
आणि ड्युटीचे सहाशे चाळीस मोजतो.

तीन हजार आठशे येन. चार भाग. एक तबकडी.
रबाळ्याच्या कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो,
हे बिल कुणाला दाखवत नाही.
जागृतीला ठाऊक आहे. ती एवढंच म्हणाली,
जग वाचवून झालं की मेंटेनन्स भरून ये.

आपल्या प्लेअरवर तिकडची तबकडी चालत नाही.
प्रांत वेगळा, कुलूप वेगळं.
वाशीच्या एका पोराने रिमोटवर
भराभर आकडे दाबले, कुलूप उघडलं,
शंभर रुपये घेतले, आकडे सांगितले नाहीत.

शाळेत असताना केबलवर अकरा भाग पाहिले होते.
मग दोन केबलवाल्यांची जुंपली, वायर कापली गेली,
आणि अकित्सु, चंदेरी, चतुराच्या डोळ्यांचा,
पुलावर एक गुडघा टेकून बसलेला,
तसाच राहिला.
बावीस वर्षं.
मी नोकरीला लागलो, लग्न झालं, टक्कल पडलं,
तो गुडघा टेकून.

तिसऱ्या तबकडीत, बाराव्या भागात तो उठला.
सांगायला लाज वाटते, मी टाळी वाजवली.

मागे खुर्चीत अप्पा.
दामोदर कापडणे, शाळेचे गणवेश शिवणारे,
सेक्टर तीन, गाळ्यात आता मोमोवाला.
जपानी त्यांना येत नाही, मलाही नाही,
पडद्याखाली कुठलीच अक्षरं उमटत नाहीत,
कोण कुणाला का मारतंय, सगळा अंदाज.
आठव्या भागातच अप्पा म्हणाले होते, “थांबव.”
थांबवलं.
“मागे घे. अजून. हां.”
राक्षस वळतोय, आणि पाठीवर,
खवल्यांच्या दोन ओळींमध्ये,
चेन.

मी हसलो. अप्पा नाही हसले.
“झाकायला पट्टी लावलीय बघ. पण घाईत.
रात्रीतून द्यावं लागलंय कुणाला तरी.”

तेव्हापासून एकाच पडद्यावर दोन मालिका चालतात.
मी अकित्सुची बघतो,
अप्पा त्या शिंप्याची.
“हा आठव्यातलाच. शिंगं नवी, रंग नवा,
काखेतला जोड तोच.”
“बाही तिरकी कापली आज. उडी मारायला मोकळी.
शहाणा झाला.”
एकविसाव्यात मशीनवर दुसराच कुणी बसला,
असं त्यांचं ठाम मत. टाके लांब, दोरा सैल.
“आजारी असेल,” म्हणाले, आणि अर्धी भाकरी ठेवली.
चोविसाव्यात टीप पुन्हा बारीक झाली
तेव्हा जागृतीकडे शिरा मागितला.

शेवटची तबकडी मार्चमध्ये आली.
शहर जळतं. पुठ्ठ्याचं आहे हे दिसतं, तरी जळतं.
अकित्सु मुखवटा उतरवतो, समुद्राकडे चालू लागतो,
माझा घसा दाटतो आणि अप्पा म्हणतात,
“बाजूला हो, नावं येतायत.”

नावं उभी, पांढरी, पावट्याएवढी.
एक अक्षर लागेल तर शपथ.
अप्पा उठले, पडद्याजवळ गेले,
अंगुस्तानाचा वळ राहिलेलं बोट
शेवटून तिसऱ्या ओळीवर ठेवलं.
“हा.”
कशावरून?
“छोटं नाव आहे. आणि खाली टाकलंय.”

रात्री दिवा मालवल्यावर आतल्या खोलीतून आवाज आला,
“चेन बगलेत घ्यायला हवी होती. दिसली नसती.”
मी हूं म्हटलं.
बराच वेळ पंखाच ऐकू येत होता.
मग,
“पण तिथे घेतली असती, तर त्या राक्षसाला
हात वर करता आला नसता रे.”