कानोसा

ताम्पेरेत जानेवारीत दिवस तीनलाच मिटतो.
ओइली रान्ताकोक्को ट्राममधून उतरते,
बुटांवरचा बर्फ पायरीवर आपटते
आणि कोट काढण्याआधी
तळमजल्यावरच्या पेटीला विचारते,
काय गं, कशा आहात?

पेटीत सदतीस अंश. बाहेर उणे एकोणीस.
मधल्या छप्पन्न अंशांचं बिल विद्यापीठ भरतं.

आत शहाण्णव खळग्या.
प्रत्येकीच्या तळाशी सोन्याचा ठिपका, मोहरीहून बारीक,
आणि ठिपक्यावर अंग टाकून पसरलेल्या पेशी
ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही.

कुणाच्या? नळीवर फक्त सतरा लिहिलंय.
खुबा बदलताना निघालेली मज्जा,
पुरुष, वय एकाहत्तर. बस्स.
तेव्हापासून ट्राममध्ये कुणी काठी टेकत चढलं
की ओइली जागा देते
आणि जरा जास्तच वेळ
त्याच्या कमरेखाली बघत राहते.

पूर्वी विचारायचं तर मारावं लागे.
एकविसाव्या दिवशी बशीत फॉर्मालिन,
मग लाल रंग. पेशींनी कॅल्शियम धरलं असेल
तर बशी लिंगनबेरीच्या मुरंब्यासारखी दिसे.
म्हणजे हाड होत होतं.
होत होतं.
उत्तर मिळायचं ते भूतकाळात.
वीस वर्षं तिच्या नखांच्या कडांना तो लाल होता,
सौनाच्या वाफेतही न निघणारा.

आता एक मायक्रोअँपिअर.
एवढीशी वीज, की पेशीला कळतही नाही
दारावरून कुणी गेलं.
ती किती अडखळते,
किती वळसा घालते,
दोघींच्या मधल्या फटीतून किती निसटते,
तेवढ्यावरून पडद्यावर एक रेघ सरकते.
पाच मिनिटांनी पुन्हा.
बंद दाराशी उभं राहून
आतल्या भांड्यांच्या आवाजावरून
स्वयंपाक ओळखावा, तसं.

सहाव्या रात्री सटवाई येते म्हणतात,
कपाळावर लिहून जाते.
इथे कपाळच नाही.
पण रेघा वेगळ्या व्हायला लागल्या त्या सहाव्याच रात्री:
हाडाचं खाद्य मिळालेल्या चढाला लागल्या,
मेदाच्या मागे रेंगाळल्या,
सूक्ष्मदर्शकाला मात्र अजून सगळ्या सारख्याच,
लांबट, निवांत, एकीसारखी दुसरी.

फक्त सी-चार.
खाद्य हाडाचं, आणि रेघ जिथल्या तिथे.
नववा दिवस. दहावा.
ओत्सो सव्वीस वर्षांचा, त्याला प्रबंध संपवायचाय.
ठिपका खराब असेल, म्हणाला, वगळून टाकू.

ओइलीने उत्तर दिलं नाही. खाद्य बदलायची वेळ होती.
तिने पेटीचं दार उघडलं
आणि शहाण्णव रेघा एकदम खाली आल्या,
खोलीत गार वारा शिरल्यावर
सगळ्यांनी खांदे आक्रसावेत तशा.
दार लावलं. हळूहळू वर.
सी-चारही शहारली होती.
सी-चारही सावरली.

ठिपका ठीक आहे, ओइली म्हणाली. ती ऐकतेय.
मानत नाहीये, एवढंच.

मग ती काय होणार?

ओइलीने वहीत पेन्सिलीने लिहिलं:
सी-४. अजून नाही.
आणि टोपी कानांवर ओढत म्हणाली,
विचारलंय तिला.

रात्रीच्या ट्राममध्ये एक म्हातारा चढला,
हातात काठी, पिशवीत दूध आणि राईचा पाव.
ती उठली. तो म्हणाला, नको,
उभाच बरा. खुबा नवा आहे.

शहरात नव्या खुब्याचे म्हातारे कितीतरी.
ओइलीने काही विचारलं नाही.
तीही त्याच्याशेजारी उभी राहिली,
दोघं काळ्या काचेत बघत,
मधली सीट रिकामी,
पुढचा थांबा पाच मिनिटांवर.